तेवीस नंबरचा कोट

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

आज सकाळी कामावर गेले. पाण्याचे नमुने उशिरा आले, त्यामुळे तपासायला दुपार झाली. एका बाटलीला वास होता, ती वेगळी काढून ठेवली. येताना पाव आणि कपड्यांचा साबण घेतला. कुलूप उघडत होते तेवढ्यात तुमचा फोन आला.

तुम्ही घाईत होता म्हणून मी हो-नाही इतकंच बोलले. फोनवर मला सुचत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि मोबाइलवर लिहावं तर तुमचा मोबाइल घरात सगळेच वाचतात. म्हणून पत्र. उद्या-परवा मिळेल, निघायच्या आत.

तुम्ही व्याह्यांबरोबरच्या सहलीचं, जहाज कंपनीचं पत्रक वाचून दाखवलंत. रात्रीच्या जेवणाला अर्धी चड्डी नको, बिनबाह्यांचा शर्ट नको, सपाता नकोत, आणि दोन रात्री पुरुषांनी काळा कोट घातलाच पाहिजे. तुमचं विचारणं होतं की टाय लावायचा की बो, आणि शर्ट साधा चालेल का. मला स्वतःला यातलं काही कळत नाही. ह्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. शर्ट पांढरा, पण नीळ घातलेला नको, दिव्याखाली मेल्यासारखा दिसतो. बो लावायचा तर हाताने बांधायचा, रबराचा नको, तो घास गिळताना वर-खाली होतो. मोजे लांब, कारण माणूस बसला की पँट वर जाते आणि पोटरी दिसते. बूट आदल्या दिवशी चमकवायचे, त्याच दिवशी चमकवले तर टेबलक्लॉथला पॉलिश लागतं. एवढंच आठवतं. ह्यांनी हे मला मुद्दाम कधी सांगितलं नाही. घरी आल्यावर पाय चोळत बसले की अधूनमधून बोलायचे.

आता कोटाचं.

तुम्ही तो नेलात तेव्हा घरात माणसं होती, म्हणून मी जास्त बोलले नाही. ह्यांना जाऊन चार दिवस झाले होते. तुम्ही विम्याचे कागद शोधायला कपाट उघडलंत आणि कोट बाहेर आला. तुम्ही तो अंगावर चढवून आरशात पाहिलंत, आणि म्हणालात की जणू माझ्याच मापाचा शिवलाय, एवढा चांगला कोट कपाटात कुजवून काय करणार वहिनी. धाकटी जाऊ म्हणाली, नवा घ्यायचा वाचला. शेजारच्या काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, तो पाच मार्चला लागणार आहे. तुम्ही म्हणालात, आम्ही सत्तावीसलाच परत येतोय.

कशाला लागणार आहे हे तेव्हा सांगायचं राहिलं. हॉटेलच्या डायनिंग हॉलचं दुरुस्तीचं काम चालू आहे म्हणून सगळ्यांना कोट घरी न्यायला सांगितलं होतं. पाच मार्चला हॉल उघडतोय. त्या दिवशी पहिला ग्राहक यायच्या आधी हॉलची माणसं एकत्र जेवणार आहेत, आणि ह्यांचा कोट ह्यांच्या खुर्चीच्या पाठीला लावायचा आहे. त्यांच्यात तशी रीत आहे. कोणी कायमचं गेलं की करतात. लंबूभाऊ येऊन सांगून गेले. (लंबूभाऊ म्हणजे ह्यांच्या शेजारची टेबलं बघणारे. त्या दिवशी दाराशी उभे होते आणि तुम्ही त्यांना चहाचे कप उचलायला सांगितलेत, ते.)

तर कोट जसा आहे तसाच परत आणा. धुवायला टाकू नका. काही उसवू नका, काही शिवू नका. एवढंच मागणं आहे.

प्रवास सुखाचा होवो.

तुमची वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

आज सुट्टी होती. ह्यांच्या चपला कोणाला द्यायच्या हे ठरेना म्हणून पुन्हा जागेवर ठेवल्या. दुपारी मोबाइलवर तुमचे फोटो आले. हे पत्र तुमच्या घरी टाकतेय, आल्यावर वाचाल. तिथे समुद्रात मला तुम्हाला काही कळवायचं नाही.

ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे आणि फुलं पाठवली आहेत. आत्याबाईंनी लिहिलंय, राजबिंडा दिसतोस. मी काहीच पाठवलं नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

एक फोटो मी मोठा करून पाहिला. तुम्ही टेबलाशी बसला आहात, शेजारी तुमचे व्याही आणि विहीणबाई, पलीकडे धाकटी. रुमाल गळ्यात खोचलाय. समोर बशीत तांबडं काहीतरी कवचाचं आहे, ते तुम्ही दोन्ही हातांनी फोडताय, आणि लोणी मनगटावरून ओघळून डाव्या बाहीत गेलंय. तोंड उघडं आहे. आत काय आहे तेही दिसतं.

मी मोबाइल पालथा घातला आणि तोंड धुवून आले. मग पुन्हा पाहिलं. डाव्या बाहीवर कोपराच्या पुढे कापड थोडं चकाकतं, ते फोटोतही दिसतं. वर्षानुवर्षं बशा टेकून ते तसं झालंय, ती ह्यांची जागा आहे. तुम्ही तिथेच लोणी सांडलंत.

जेवणाऱ्या माणसांबद्दल ह्यांना काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वाईट बोलायचा स्वभावच नव्हता. पण काही गोष्टी सहज सांगून जायचे आणि मला त्या दिवशी जेवण जायचं नाही. एक मोठे वकील भारी सुटात यायचे, ते जेवताना कवळी काढून रुमालात गुंडाळायचे आणि तो रुमाल ह्यांच्या हातात द्यायचे, जपून धुऊन आणा म्हणून. एक जण चघळलेलं मांस फुलदाणीत टाकायचा. एकाला सगळ्यांसमोर उलटी झाली, तर त्याच्या बायकोने ह्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ह्यांच्यामुळेच झाली. हे सांगताना ते हसायचे. मी म्हणायचे, तुम्हाला किळस कशी येत नाही? तर म्हणायचे, "माणूस जेवायला काय घालून आलाय ते दारातून टेबलापर्यंत दिसतं. पुढे नुसतं तोंड दिसतं."

मला किळस येते, भाऊजी. माझं कामच वास आणि गढूळपणा बघायचं आहे, तिथे मला काही होत नाही. फोटो बघून किळस आली.

आणखी एक आहे, ते मी कुणाला बोलले नाही. ह्यांना शेवटचे कपडे घालायची वेळ आली तेव्हा मी चौकड्यांचा शर्ट काढून ठेवला होता, घरी घालायचे तो. तुम्ही तो बाजूला केलात. म्हणालात, वहिनी, माझ्या ऑफिसची माणसं येणार, व्याही येणार, असं कसं चालेल. आणि घरी गाडी पाठवून तुमचा राखाडी सूट मागवलात, तुम्हाला पोटावर होत नव्हता तो. पँट लांब होती, तुम्ही ती पायाखाली दुमडलीत. उजव्या बाहीच्या आत लाँड्रीचा कागद टाचलेला होता, तो कुणी काढला नाही. मी पाहिला पण हात लावला नाही. मला वाटत होतं मी दुसऱ्याच कुणाला निरोप देतेय.

तुमचा टाकलेला सूट ते घालून गेले आणि त्यांचा कोट घालून तुम्ही जेवायला बसलात. यावर मला काही म्हणायचं नाही. फक्त लिहून ठेवते.

लोण्याचा डाग पाण्याने पुसू नका, पसरतो.

वहिनी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

आज कामावर असताना तुमचा जहाजावरून फोन आला. साहेब समोर होते म्हणून मी बाहेर जिन्यात जाऊन ऐकलं. तुम्ही बराच वेळ ओरडत होता, मध्येच आवाज तुटत होता. मला समजलं ते असं. चुकलं असेल तर सुधारा.

काल कोटाची दुसरी रात्र होती. तुम्ही जेवण मध्येच सोडून कुणाशी बोलायला उठलात. परत येताना एका म्हाताऱ्याने चुटकी वाजवून तुम्हाला पाणी मागितलं. तुम्ही लक्ष दिलं नाही. पुढच्या टेबलावरच्या बाईने उष्टी बशी तुमच्या हातात दिली, आणि हातात आलीच म्हणून तुम्ही ती धरलीत. मग ती म्हणाली, दुसरा काटा आणा. तेव्हा तुम्ही मोठ्याने म्हणालात की मी प्रवासी आहे, पैसे भरून आलोय. सगळा हॉल बघायला लागला. जहाजाचा वेटर धावत आला, त्याने माफी मागितली, तुम्हाला खुर्चीवर बसवलं. तुम्हाला घाम फुटला होता म्हणून कोट काढून खुर्चीला लावला. आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांनी कॉलरच्या आतली पट्टी वाचली. हॉटेलचं नाव आणि खाली २३.

व्याही म्हणाले, "मॅनेजरलाही नंबर असतो होय?"

विहीणबाई हसल्या. धाकटी उठून केबिनमध्ये गेली.

तुमचं म्हणणं, मी तुम्हाला जाणूनबुजून तोंडघशी पाडलं. कोट वेटरचा आहे हे सांगायला काय झालं होतं?

भाऊजी, तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या भावाचा कोट. तुमचा भाऊ काय करत होता हे मी तुम्हाला सांगायचं? पण तुम्ही मुलाच्या लग्नात व्याह्यांना सांगितलंत की ते हॉटेलात मॅनेजर आहेत, आणि आम्हाला मागच्या रांगेत बसवलंत म्हणजे कुणी जास्त विचारू नये. ह्यांना ते कळलं होतं. घरी येताना बसमध्ये म्हणाले, असू दे, त्याला बरं वाटतं. पुढे तुम्ही ते इतक्यांदा सांगितलंत की तुमचं तुम्हालाच खरं वाटायला लागलं. कपाटातून काळा कोट निघाला तो मॅनेजरचाच असणार. आतला खोल खिसा ऑर्डरच्या वहीसाठी आहे, काजाशेजारी बिल्ल्याची दोन भोकं आहेत, हे तुम्हाला दिसलं नाही. आरशात तुम्ही फक्त स्वतःला पाहत होता.

मी सांगितलं नाही, हे खरं आहे. तुम्ही माझ्या देखत ऑफिसच्या लोकांना "माझे बंधू मॅनेजर होते" म्हणालात तेव्हाही मी काही बोलले नव्हते. ते माझं गप्प राहणं तुम्हाला चाललं.

फोनच्या शेवटी तुम्ही आवाज खाली आणलात. म्हणालात, झालं ते झालं, आता आपण घरातलं घरात सांभाळू. व्याही परत आल्यावर मला भेटायला येतील किंवा फोन करतील. त्यांनी विचारलं तर मी सांगायचं की तो कोट ह्यांचा नव्हताच, हाताखालच्या कुणा वेटरचा होता, चुकून घरी राहिला होता. "एवढं एक वाक्य बोललात तर काय बिघडणार आहे? दादा तर आता ऐकायला नाही."

हे तुम्ही बोललात. मी फोन बंद केला. तुम्हाला वाटलं असेल लाइन तुटली.

कोट पाच तारखेच्या आत पाठवा. तुम्ही यायची गरज नाही.

वहिनी


४ मार्च

भाऊजी,

आज अर्धी रजा घेतली. घर झाडलं, चादरी बदलल्या. सकाळी लंबूभाऊ येऊन गेले. आता दुपार आहे.

कोट एक तारखेला मिळाला. तुमचा ड्रायव्हर देऊन गेला, प्लास्टिकच्या पिशवीत, गोळा करून कोंबलेला. तुम्ही चिठ्ठी वगैरे काही दिली नव्हती. पिशवी उघडल्यावर आधी तुमचं अत्तर आलं, मागून मासळी, मागून आंबलेला घाम. मी खिडक्या उघडल्या. खिसे उलटे केले. वहीच्या खिशात दात कोरलेल्या काड्या होत्या, एक चिकटलेला कागदी रुमाल आणि कवचाचा एक तुकडा. त्याला अजून थोडं मांस होतं, ते सडलं होतं. ते सगळं कागदात बांधून बाहेर टाकून आले. हात दोनदा धुतले तरी वास जाईना.

तेवढं मी काढलं असतं. मग कॉलर उलटी केली.

पट्टी नव्हती. चार कोपऱ्यांत लाल दोऱ्याचे तुकडे होते आणि मध्ये कापड चिरलं होतं.

तुम्हाला फोन केला तेव्हा म्हणालात, हो, काढली, त्याच रात्री केबिनमध्ये दाढीच्या ब्लेडने काढली आणि फेकून दिली. एवढी काय ती चिंधी. कोट परत दिला ना? हवा असेल तर नवा शिवून देतो. पत्रात मी लिहिलं होतं काही उसवू नका, तर तुम्ही म्हणालात, पत्र वाचायला वेळ कोणाला होता, मोज्यांपर्यंत वाचलं.

आता ऐका, ती चिंधी काय होती.

हॉलमध्ये ह्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. तेवीस म्हणायचे. तेवीस, खिडकीकडची चार. तेवीस, घरी कसं आहे? ती पट्टी ह्यांची नव्हतीच मुळात. ह्यांच्या आधीच्या तेवीसची होती, आणि त्याच्याही आधीच्याची. कोणी कायमचं गेलं की हॉलची माणसं एकत्र जेवतात, कोट खुर्चीला लावतात, आणि जेवण झाल्यावर शेजारच्या टेबलांचा माणूस ती पट्टी हळूच उसवतो आणि नव्याच्या कोटात शिवतो. ह्यांच्या कोटात अशीच आली होती. त्या दिवशी घरी येऊन ह्यांनी मला कॉलर उलटी करून दाखवली होती. आमचं लग्न तेव्हा नवं होतं. मला वाटलं काही बक्षीस मिळालं. उद्या ती लंबूभाऊंनी उसवायची होती.

तीन दिवस मी विचार करत होते की लंबूभाऊंना काय सांगू. उंदराने कुरतडली सांगावं, धुताना निघाली सांगावं. तुमच्या घरात वावरून मलाही तेच सुचत होतं, ते जाणवलं तेव्हा स्वतःचाच राग आला.

त्यात काल संध्याकाळी तुमच्या व्याह्यांचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, तुमचे दीर सांगत होते की तो कोट हॉटेलातल्या कुणा वेटरचा होता.

मी म्हटलं, "बरोबर सांगितलं. ह्यांचाच होता. हे वेटर होते."

मला वाटलं आता ते काही चांगलं बोलतील, किंवा फोन ठेवतील. ते म्हणाले, "मग यात लपवण्यासारखं काय होतं?" आणि लगेच विचारलं की एवढी वर्षं काम केलेल्या माणसाच्या घरच्यांना त्या हॉटेलात जेवणात काही सवलत असते का, त्यांच्या लग्नाचा वाढदिवस येतोय.

मी सांगितलं, मला माहीत नाही. तुमची जोडी चांगली जमली आहे, भाऊजी.

आज सकाळी लंबूभाऊ आल्यावर मी कोट त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि झालं ते सगळं सांगितलं. कुठे सौम्य केलं नाही. ते खुर्चीत मावत नाहीत, गुडघे वर येतात, तसेच वाकून बसले होते. त्यांनी कॉलर उलटी केली, चिरेवरून अंगठा फिरवला. बाहीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"तेवीस असता तर हसला असता," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो. मला हसू येत नाही.

"मलाही नाही."

त्यांनी चहा अर्धाच घेतला. मग म्हणाले, पट्टी नवीन करता येईल. पण हॉटेलच्या धुलाईघरात करून घेतली तर ती नुसती धुलाईघराची होईल. "कोट हॉटेलचा असतो वहिनी, नंबर माणसाचा. घरच्या हाताने शिवलेला असला तर मी तो उद्या सगळ्यांसमोर उसवीन. नाहीतर कोट नुसता लावू, नव्याला दुसरा नंबर देऊ."

म्हणजे तेवीस हॉलमधून जाईल. मी म्हटलं, संध्याकाळी घेऊन जा.

ते गेल्यावर मी बाही साबणाने घासली. लोणी बरंच निघालं, तरी पिवळट कडा राहिली आहे. चकाकतं कापड मी घासलं नाही. मग चौकड्यांचा शर्ट काढला, तुम्ही बाजूला केलात तो. त्याच्या आतल्या बाजूला मानेपाशी पांढरी पट्टी आहे, तेवढी कापून घेतली. शर्टाला त्याने काही होणार नाही, आणि झालं तरी आता तो कोण घालणार आहे.

तुम्ही पुढच्या आठवड्यात येतो म्हणालात, विम्याच्या सह्यांसाठी. येऊ नका. कागद पोस्टाने पाठवा, सह्या करून त्याच पाकिटातून परत करीन. धाकटीला यायचं असेल तर येऊ दे, तिच्याशी माझं काही नाही. मला तुमच्यासमोर बसून चहा घेता येणार नाही. तुमचं तोंड उघडलं की मला तो फोटो दिसेल.

राखाडी सुटाचे पैसे द्यायला हवेत का, हे एकदा विचारणार होते. नाही विचारत.

हॉटेलचं नाव शिवून झालंय, वाकडं आलंय, माझा हात त्यात बसलेला नाही. खाली दोनचा आकडाही झाला. लाल दोरा संपला म्हणून शेजारच्या काकूंकडून आणला, त्यांचा जरा गडद आहे. आता तीन राहिला.

चष्मा पुसला, खिडकीपाशी स्टूल ओढलं, आणि दोरा ओवला.